‘ताई, हे सांगितलं तर मला घरी सोडतील?’

पत्र थोडक्यात (नाव, गाव, कॉलेज गाळलंय, एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात):

मी २४ वर्षांची, जळगाव जिल्ह्यातली, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा विषय घेतलाय ‘मानवी तस्करीचे स्त्रियांच्या आरोग्यावर होणारे परिणाम’. गाईड सर म्हणतात ६० चं सॅम्पल पाहिजे, त्याशिवाय आकड्यांची टेबलं होत नाहीत. एका निवारागृहाच्या अधीक्षक मॅडम परवानगी द्यायला तयार आहेत. मी एकदा जाऊन आले. पहिल्याच मुलीनं, असेल १९ ची, सगळं घडाघडा सांगितलं, मी चार पानं लिहिली, आणि शेवटी ती म्हणाली, ‘ताई, हे सांगितलं तर मला घरी सोडतील?’ मी काहीतरी हो-नाही केलं. नंतर कळलं ती दोन दिवस जेवली नाही. आता परत जायची हिंमतच होत नाही. दुसरं असं की आमच्याच गल्लीत एका घरी दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या राज्यातली सून आणलीय, एजंटला दीड लाख दिले असं सगळे म्हणतात. ती कुणाशी बोलत नाही, सारखं डोकं दुखतं म्हणून मेडिकलवरून गोळ्या नेते. तिला केस स्टडी म्हणून घेऊ का, की पोलिसांना सांगू? आणि आई म्हणते विषयच सोड, असल्या गोष्टींचा शिक्का बसला तर स्थळं येणार नाहीत. विषय बदलू का?

*

पोरी, आधी त्या मुलीचं बोलू, बाकीचं मागाहून. ती जेवली नाही हे कळल्यावर तुझी हिंमत गेली ह्यात मला काही वाईट दिसत नाही, उलट ज्यांची अशा वेळीसुद्धा हिंमत जात नाही ना, त्यांचीच मला काळजी वाटते. पण तू त्याचा अर्थ असा लावलास की मीच कच्ची, मला हा विषय झेपायचा नाही. तसं नाहीये. पद्धत चुकली, आणि ती पद्धत तू ठरवलेलीही नव्हतीस, तुला कुणीतरी छापील फॉर्म हातात दिला आणि जा म्हटलं.

जरा हिशोब कर. ती सुटल्यापासून तिनं हे किती जणांना सांगितलं असेल? छापा टाकणाऱ्या पोलिसांना, मग ठाण्यात जबाब, मग मेडिकल करणाऱ्या डॉक्टरला, मग मॅजिस्ट्रेटसमोर, वय १८ च्या आत आहे असं वाटलं असेल तर बालकल्याण समितीपुढं, मग निवारागृहातल्या समुपदेशक बाईंना. तू सहावी नाहीतर सातवी. घडाघडा सांगितलं म्हणतेस ते म्हणूनच, पाठ झालेलं असतं ते. आणि ह्यातल्या बहुतेकांच्या हातात तिचं काहीतरी होतं, सोडायचं की ठेवायचं, खरं धरायचं की खोटं, मग तिनं तुलाही तेच विचारलं तर नवल काय. वही घेऊन समोर बसलेली बाई तिच्या लेखी सरकारच. तू कन्सेंट फॉर्मवर सही घेतली असशील, पण ही सही केली की घरी जायला मिळेल असं जिला वाटतंय तिनं संमती कसली दिली, तिनं अर्ज केलाय तुझ्याकडे.

मी हे शहाणपण शिकवत नाहीये बरं का, मी स्वतः ह्याच्यापेक्षा वाईट केलंय. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली मी, म्हणजे ओपीडीच्या गर्दीत एक टेबल असतं, कुणाला रेशन कार्डाचा प्रॉब्लेम, कुणाला सासरचे मारतात, ते सगळं त्या टेबलावर येतं. नवीन होते तेव्हाची गोष्ट. एक बाई, पंचविशीची, तिसऱ्यांदा आली होती. प्रत्येक वेळी एकच, ‘मन्हं डोकं दुखस वं माय.’ हिमोग्लोबिन सात, बाकी रिपोर्ट नॉर्मल. बरोबर दर वेळी एक माणूस, नवरा म्हणून सांगायचा. मला शंका आली आणि मी काय केलं, तर त्याच्या देखत विचारलं, ‘तुला कुठून आणलंय, कुणी मारतं का?’ तो म्हणाला चल, ती उठली, आणि परत काही आली नाही. तिचा केसपेपर आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता, मग कुणीतरी रेकॉर्ड रूमला टाकला.

आमच्याकडे एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्यांनी मला नंतर नीट झापलं. त्यांची रीत वेगळी होती. माणसाला रक्ताच्या रिपोर्टसाठी दुसऱ्या मजल्यावर पिटाळायचं आणि बाईला बीपीचा पट्टा बांधत बांधत विचारायचं, रात्री झोप लागते का? कुठं झोपतेस? खोलीला कडी आहे का, आतून लावतात की बाहेरून? बस. त्या एका कडीच्या उत्तरातून जे कळायचं ते माझ्या दोन पानी फॉर्ममधून कळलं नसतं, आणि बाईला तिची कहाणीही सांगावी लागत नव्हती. तिला नंतर सांगायची असली तर ती सांगायची, तिच्या वेळेनं.

तुझ्या विषयात ‘आरोग्य’ हा शब्द आहे ना, तोच तुझ्या कामाचा आहे आणि तोच तू सोडून दिलास बघ. चार पानं लिहिलीस म्हणतेस, त्यात कोण घेऊन गेलं, कुठं ठेवलं, किती जण होते हे सगळं असणार, पण तिला पाळीच्या वेळी किती त्रास होतो, चष्मा लागलाय का, दात दुखतात का, झोपेत दचकते का, ह्यातलं किती आहे? गुन्ह्याची चौकशी पोलिसांचं काम आहे. तू पोलीस नाहीस, पत्रकारही नाहीस.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये तस्करीतून आलेल्या बायकांच्या मुलाखती घेणाऱ्यांसाठी दहा नियम काढलेत. पहिला नियम, इजा करू नका, आणि त्यापुढं असं की उलट पुरावा हाती येईपर्यंत धोका भयंकर आहे असंच धरून वागा. त्यातच एक नियम आहे की मदतीची माहिती आधी तयार ठेवा आणि पाळता येणार नाही असं वचन देऊ नका. तुझं ते ‘हो-नाही’ इथं येतं. मोठ्या माणसाचं तिथून घरी जाणं मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरवर असतं, तुझ्या थिसिसवर नाही, अधीक्षक मॅडमच्याही मर्जीवर नाही, हे तिला पहिल्या मिनिटाला सांगायला हवं होतं.

आणि एक गोष्ट जी एमएसडब्ल्यूच्या वर्गात फारसं कुणी सांगत नाही. केस चालू असेल तर तुझी वही ही नुसती वही राहत नाही. समज तिनं मॅजिस्ट्रेटसमोर सांगितलं की मला दिवाळीनंतर नेलं, आणि तुझ्या पानावर लिहिलंय गणपतीत नेलं, तर आरोपीच्या वकिलाला आणखी काय पाहिजे? कोर्टानं मागितली तर वही द्यावी लागते, वकिलासारखं काही कवच अभ्यासकाला आपल्याकडे नाही. आणि तारखा अशा बदलतातच, ती खोटं बोलत नसते. युरोपात सुटका झालेल्या १९२ बायका-मुलींचा एक अभ्यास २००८ मध्ये छापून आला, त्यात ६२ टक्के बायकांनी सांगितलं की लक्षात राहत नाही, आठवत नाही. ८२ टक्क्यांचं डोकं दुखत होतं, ८१ टक्क्यांना जरा काही केलं की थकवा, ७० टक्क्यांना चक्कर, ६९ टक्क्यांची पाठ-कंबर. बघ, माझ्या टेबलासमोर बसलेली ती बाई अख्ख्या अभ्यासातलं शरीराच्या तक्रारींमधलं पहिल्या नंबरचं लक्षण सांगत होती आणि मी तिला विचारत होते कुठून आणलं.

आता ६० च्या सॅम्पलचं. सरांवर मी चिडत नाही, त्यांनाही वरून फॉरमॅट आलेला असतो. पण तू सरांना एक विचार की सर, ह्या ६० जणी कोण आहेत? निवारागृहात ज्या आहेत त्या म्हणजे ज्यांच्यापर्यंत छापा पोचला त्या. ज्या पळून स्वतःच घरी आल्या, ज्या अजून तिथंच आहेत, ज्या मेल्या, त्या तुझ्या टेबलात कधीच येणार नाहीत. मग तू ‘तस्करीचे परिणाम’ म्हणून जे लिहिशील ते खरं तर ‘निवारागृहातल्या मुलींच्या तक्रारी’ असतील, आणि त्यातलं किती तस्करीमुळं, किती आधीच्या गरिबीमुळं आणि किती चार भिंतीत डांबून ठेवल्यामुळं हे तुला वेगळं काढता येणार नाही. ॲनिमिया तर आपल्याकडे कुठंही न गेलेल्या बायकांमध्येही भरपूर आहे. मुंबईत सुटका झालेल्या १७५ मुली-बायकांचा एक अभ्यास २००६ मध्ये आला होता, त्यात जवळपास २३ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाल्या, तो आकडा महत्त्वाचा आहेच, पण तोसुद्धा सुटका झालेल्यांचाच आकडा आहे हे विसरायचं नाही. म्हणून ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकातून काढ. ‘आरोग्याच्या तक्रारी आणि उपचारापर्यंत पोचण्यातल्या अडचणी’ असं काहीतरी कर. विषय बदलायची गरज नाही, प्रश्न बदल.

दुसरं म्हणजे तू तस्करी म्हटल्यावर थेट निवारागृह का गाठलंस? कारण आपल्या डोक्यात तस्करी म्हणजे लाल दिव्याची गल्ली. पोलिसांच्या कागदावर तर ‘अनैतिक मानवी वाहतूक’ असतं, वाहतूक म्हटलं की लोकांना एसटी आठवते, तो शब्द कुणी काढला देव जाणे. पण कायदा बघ ना. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, जे १ जुलै २०२४ पासून लागू झालं, आधीच्या भारतीय दंड संहितेतलं ३७०, त्यात लैंगिक शोषण आहे तसंच अंगमेहनतीचं शोषण, गुलामी, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं हे सगळं आहे. धाकानं, फसवून किंवा पैसे देऊन माणूस घेतला, ठेवून घेतला, पुढं पाठवला, ह्यातलं काहीही असलं तरी गुन्हा, आणि ‘ती स्वतःच तयार होती’ ह्याला किंमत नाही.

आता आपल्याकडचं घे. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, साक्रीकडून ट्रक भरून माणसं दक्षिण गुजरातला उसाला जातात, नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमानं पावसाळ्यातच उचल दिलेली असते. मी असं म्हणत नाही की प्रत्येक कोयता म्हणजे तस्करी, बरेच जण दर वर्षी जाणूनबुजून जातात, हिशोब करतात, परत येतात. पण उचल फिटत नाही म्हणून जाऊ देत नाहीत, आजारी पडला तरी दुसरा माणूस दे म्हणतात, बायकोला ठेवून घेतात, तिथं वेठबिगारी सुरू होते, १९७६ चा कायदा त्यासाठीच आहे. आणि तिथलं आरोग्य कोण बघतं? सातपुड्यातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे हे तुला माहीतच असेल. सिकलसेलच्या माणसाला कशानं त्रास होतो, तर थंडी, पाणी कमी पिणं आणि अतिश्रम. जानेवारीच्या पहाटे उघड्यावर, दव पडलेल्या उसात, लघवीला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, आणि रात्री ट्रक आला की भरायचा. तिन्ही गोष्टी एकाच दिवसात झाल्या. हाडं फोडल्यासारखी दुखतात, मुकादम म्हणतो नाटकं करते, आणि त्यावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या गावाकडच्या आरोग्य केंद्रात राहिलेल्या असतात कारण नाव तिथं नोंदलंय. गरोदर बाई असेल तर तिचं कार्ड इकडं, ती तिकडं, आशाताई घरी जाते तर कुलूप. ह्यावर कुणीतरी नीट लिहायला पाहिजे, आणि त्यासाठी तुला एकाही मुलीला तिची सगळ्यात वाईट रात्र आठवायला लावायची गरज नाही.

पुरुषसुद्धा ह्यात आले बघ, जे तुझ्या शीर्षकात नव्हतेच. कंबोडिया, थायलंड, व्हिएतनाममध्ये सुटून आलेल्या हजारावर लोकांचा अभ्यास २०१५ मध्ये छापला गेला, त्यात बायका होत्या तसे मासेमारीच्या बोटींवर राबवलेले पुरुष आणि लहान मुलंही होती. ६१ टक्क्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं, ३९ टक्क्यांमध्ये जुना धसका मनात बसून राहतो त्या पीटीएसडीची, आणि ५ टक्क्यांहून जास्त लोकांनी गेल्या महिनाभरात जीव द्यायचा प्रयत्न केलेला. म्हणजे सुटल्यानंतर. सुटका झाली की संपलं असं आपल्याला वाटतं, पेपरात फोटो येतो, विषय बंद.

तर माझं म्हणणं असं. मुलाखती घ्यायच्याच असतील तर आधी उपचार करणाऱ्यांच्या घे. आशाताई, एएनएम म्हणजे आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, निवारागृहात येणाऱ्या सिस्टर, अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमधल्या ताई. वीसएक जणांशी तासतासभर बोललीस तर ६० फॉर्मपेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल. त्यांना विचार की तुम्हाला शंका येते तेव्हा तुम्ही काय करता, कुणाला फोन करता, केसपेपरवर काय लिहिता, काय लिहायचं टाळता. ही माणसं बोलायला उत्सुक असतात बरं, त्यांना कुणी विचारतच नाही. निवारागृहातलं आरोग्य रजिस्टर नाव-गाव झाकून बघायला मिळालं तर आणखी चांगलं, पण त्यासाठी एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात कुणाला इजा होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगी लागेल. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल, बऱ्याच ठिकाणी नसते, तर आपल्या खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे, तिथं चौकशी कर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा नाजूक परिस्थितीतल्या लोकांसाठी वेगळं प्रकरणच आहे, त्याची प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेव. भांडायचं नाही, ‘सर, कमिटी हे विचारेल तर काय सांगू’ असं म्हणायचं. सरांना वाद आवडत नसतील पण कमिटीची धास्ती सगळ्यांनाच असते.

आणि एवढं करूनही एकदोन स्त्रियांशी थेट बोलायचंच असेल, तर जिची केस संपलीय, जी वर्षभर तरी स्वतःच्या घरी राहतेय, १८ च्या वर आहे, आणि जिला तिच्या ओळखीच्या समुपदेशकानं विचारलंय आणि जी सहज नाही म्हणू शकते अशीच. अधीक्षकांनी बोलावून बसवलेली मुलगी नाही म्हणू शकत नाही. रेकॉर्डिंग नको. सहीपण नको, सही म्हणजे नाव आलं, तोंडी संमती पुरते आणि कमिटीकडून तशी सूट मागून घेता येते. तिचा रोज बुडतो, गाडीभाडं लागतं, ते आधीच सांगून द्यायचं, बक्षीस म्हणून नाही. दुभाषी लागला, पावरी किंवा भिलोरी ह्या आदिवासी बोलींसाठी, तर तिच्या गावचा, नात्यातला नको. १८ च्या आत असताना झालेलं काही निघालं तर पोक्सोप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याप्रमाणे, मला कळवावं लागू शकतं हे सुरुवातीलाच सांग, मागून नाही. आणि लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही गं. ‘अमुक तालुक्यातली १९ वर्षांची पावरा मुलगी, २०२३ मध्ये सुरतहून आलेली’ एवढं लिहिलंस की त्या तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल कोण ती. जळगावात १९९४ साली मुलींच्या लैंगिक शोषणाचं जे प्रकरण झालं ते तुझ्या आईला विचार, मुलींची नावं छापली नव्हती तरी गल्लीगल्लीत कुजबुज किती होती, आणि कितीतरी जणी शेवटपर्यंत पुढं आल्याच नाहीत. तुझी आई ज्या शिक्क्याला घाबरते ना, तो शिक्का तिनं तेव्हा बघितलाय. तिला उगाच जुन्या विचारांची समजू नकोस.

आता गल्लीतली सून. तिला केस स्टडी करू नकोस, हे मी अगदी स्पष्ट सांगते. तुझ्या सॅम्पलमध्ये एकीची भर पडावी म्हणून तिच्या ओट्यावर जायचं नाही. पण जा मात्र नक्की.

दीड लाख दिले असं ‘सगळे म्हणतात’, तुला माहीत नाहीये. असेलही. आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली साडेआठशेच्याही खाली होत्या, मुलीच कमी म्हटल्यावर एजंटचं दुकान चालणारच. काही जणी खरंच फसवून आणलेल्या असतात, काही जणींनी तिकडची उपासमार बघून इकडचं घर पत्करलेलं असतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीतही खऱ्या असू शकतात. बाहेरून बघून शिक्का मारायची घाई काय करते ते आपण भुसावळलाच बघितलंय. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली, तस्करी म्हणून, मदरशात शिकायला निघाली होती ती. सोबतचे पाच शिक्षक जवळपास महिनाभर जेलमध्ये, मुलं बालगृहात आईबापाविना, आणि २०२४ मध्ये पोलिसांनीच लिहून दिलं की गैरसमज झाला, गुन्हा नव्हता. उतरवणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणणार नाही, शंका आली तर विचारायलाच पाहिजे. पण त्या मुलांच्या झोपेचं काय झालं असेल तो अभ्यास कुणी केला नाही.

म्हणून तू शेजारीण म्हणून जा, वाटीभर शेवभाजी घेऊन, आणि साधं विचार. डोकं कधी दुखतं, सकाळी की रात्री? त्या गोळ्या रिकाम्या पोटी घेते का, आठवड्यात किती होतात? (रोज घेत असेल तर गोळ्यांनीच डोकं दुखतं कधीकधी, हे तिला कुणी सांगितलेलं नसणार.) दवाखान्यात कधी गेली होती, सोबत कोण होतं? फोन तिच्याकडे असतो का? आणि आपल्या खान्देशात एक प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतं, सासूच्या समोरसुद्धा: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेली होती का? सगळ्या गल्लीतल्या पोरी माहेरी येऊन झोके घेत होत्या तेव्हा ही कुठं होती, दोन वर्षांत एकदा तरी गेली का, तिकडून कुणी आलं का. उत्तरापेक्षा उत्तर कोण देतं ते बघ, ती देते की सासू.

तुमच्या आशाताईला तिच्याकडे जायला सांग, तिला घरात शिरायला कारण लागत नाही. सिस्टरांचा तो कडीचा प्रश्न आशाताई विचारू शकते, तू नको. ती सून स्वतः म्हणाली की मला इथं राहायचं नाही, तर महिला हेल्पलाइनच्या १८१ ला फोन, किंवा तिला घेऊन सखी सेंटरला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो. ती १८ च्या आत आहे असं कळलं तर तिच्या हो-नाहीची वाट बघायची नाही, मुलांची हेल्पलाइन १०९८. मारहाण चालू आहे, जीवाला धोका आहे तर ११२. आणि ती म्हणाली की मला इथंच राहायचंय, फक्त आईशी एकदा बोलायचंय, तर तेच ऐक, तुझ्या थिसिसमध्ये बसत नसलं तरी. दहा नियमांत तोही एक आहे, आपल्याला काय धोका आहे हे ती बाई जास्त ओळखते, तिचं ऐका.

तुझं स्वतःचंही बघ जरा. हे ऐकून ऐकून माणूस आजारी पडतं, मला त्या नोकरीत तीन वर्षांनी रात्री दोनला जाग यायला लागली होती आणि मी ते ॲसिडिटी समजत होते. दिवसाला एकच मुलाखत, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि कुणीतरी एक माणूस ठरवून ठेव ज्याच्याशी नावं न घेता बोलता येईल. कुणीच नसेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तो ‘पीडितां’साठीच आहे असं काही नाही. आईला ह्या सगळ्यातलं थोडं थोडं सांगत जा. स्थळांचं मी काही सांगू शकत नाही, पण आशाताई आणि डॉक्टरांच्या मुलाखती घेते म्हटल्यावर तिची निम्मी धास्ती जाईल, बघ.

आणि त्या मुलीकडे परत जायचं. ह्याच आठवड्यात जा, पण आधी तिथल्या समुपदेशक बाईंना फोन कर, ती जेवतेय का विचार, तिला भेटायचंय का हे त्यांच्याकडून विचारून घे. ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर फॉर्म-पेन काही नेऊ नकोस, फक्त ती चार पानं ने. तिला सांग की तुला घरी सोडायचं माझ्या हातात नाही, त्या दिवशी मी नीट सांगितलं नाही, चुकलं माझं. तुझी ऑर्डर कुठवर आलीय हे वकिलाकडून विचारून देण्याची सोय मात्र करते, हे म्हणायचं असेल तर विधी सेवा प्राधिकरणात आधी जाऊन ये आणि मगच म्हण. आणि ती पानं तिच्या हातात दे. फोटोकॉपी ठेवू नकोस, मोबाईलमध्ये फोटो काढला असेल तर तिच्या समोर डिलीट कर. फाडायची की उशाखाली ठेवायची ते ती बघेल.